क्लास सोडायला किती पडतात?

मुलीला कराटेला घालायचं ठरलं की देवासमधले आई-बाबा काय, धारमधले काय, दोन-तीन क्लासना फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात : महिन्याची फी किती? उत्तरावरून स्वस्त-महाग ठरतं आणि त्यातला एक क्लास पक्का होतो. माझं म्हणणं असं आहे की फी वाजवी आहे की नाही हे ठरवायला हा आकडा सगळ्यांत कमी कामाचा. विचारायला हवेत ते दुसरेच दोन आकडे. पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत जायला एकूण किती पैसे लागतात? आणि चार महिन्यांनी क्लास सोडावासा वाटला तर किती पडतात? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा गोलमोल मिळतं. दुसरा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

या दोन गावांचा विचार वेगळा करायला हवा. देवास इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, धार साठ-पासष्ट. एकीकडे देवासची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे धार जिल्ह्यातलं पीथमपूर. दोन्हीकडे महिन्याच्या पगारावर चालणारी घरं भरपूर. संध्याकाळी शाळेचा हॉल किंवा कॉलनीचं सभागृह भाड्याने घेऊन रंगीत फोमच्या चौकोनी मॅट अंथरल्या की क्लास सुरू. शिकवणारे सर गावातले असतात. ज्या संघटनेचं नाव फलकावर असतं तिचं मुख्यालय मात्र इंदूर, भोपाळ, मुंबई किंवा त्याहून लांब. पालक पैसे देतात सरांच्या हातात, आणि त्यातला काही भाग वर जातो. किती जातो आणि त्याच्या बदल्यात काय येतं, हे पालकाला कळत नाही. पुष्कळदा सरांनाही नीट सांगता येत नाही.

मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शरीर घडवणाऱ्या गुरूशी पैशाची भाषा करायची नाही, असा आपल्याकडे समज आहे आणि तो तालमीतून आला आहे. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थानं. देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे राजर्षी शाहू महाराजांचे जावई; शाहूंची मुलगी राधाबाई अक्कासाहेब १९०८ साली देवासला सून म्हणून आली. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी महाराज झाले. ज्या कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं आणि मल्लांच्या खुराकाचा भार दरबाराने उचलला, त्या कोल्हापूरशी देवासचं नातं असं सोयरिकीचं. त्या व्यवस्थेत पोराने वस्तादाला महिन्याची फी द्यायची नसे. दूध, तूप, बदाम यांचा खर्च एक तर घरचे करत, नाही तर आश्रयदाते. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि राजाश्रय संपला.

व्यायामशाळांनी दुसरी वाट धरली होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. अमरावतीच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले खेळ करून दाखवले. या संस्था वर्गणी, देणगी आणि नाममात्र शुल्कावर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे सभासद होते, कार्यकारिणी होती, वर्षाचा हिशेब होता. पैशाबद्दल विचारणं हा तिथे सभासदाचा हक्कच होता.

आजचा कराटे किंवा तायक्वांदो क्लास या दोन्हींत बसत नाही. त्याच्यामागे आश्रयदाता नाही आणि सभासदांची सभाही नाही. तो एक व्यवसाय आहे, आणि व्यवसाय असण्यात काही गैर नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा पैसे व्यवसायाच्या हिशेबाने घेतले जातात आणि प्रश्न मात्र गुरुभक्तीच्या नावाने थांबवले जातात. पावती मागितली म्हणून सरांचा मान कमी होत नाही. खऱ्या सरांना हे कळतं. पहिली पावती ते स्वतःहून फाडतात.

आता प्रत्यक्ष फॉर्म हातात घेऊ. एका पानाचा, हिंदीत किंवा हिंदी-इंग्रजी मिश्र. वर मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, शाळा. मध्ये प्रवेश शुल्क, मासिक शुल्क, गणवेश. खाली बारीक अक्षरात ‘नियम व शर्तें’. त्यांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘एक बार जमा की गई फीस किसी भी स्थिति में वापस नहीं होगी।’ त्याच्याजवळच दुसरं असतं : सरावात दुखापत झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. कधी कधी तिसरंही असतं : विद्यार्थी अन्य कुठल्याही संस्थेत प्रशिक्षण घेणार नाही किंवा स्पर्धेत उतरणार नाही. तळाशी पालकाची सही. एवढं वाचायला तीन मिनिटं पुरतात, पण मूल शेजारी उभं राहून मॅटकडे बघत असतं आणि सही होऊन जाते.

या फॉर्मवर परीक्षा शुल्क बहुधा नसतंच. खर्चाचा मोठा वाटा मात्र तिथेच आहे. रंगीत पट्ट्यांची परंपरा हजारो वर्षांची आहे असं मुलांना सांगितलं जातं, तसं नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन करून जुदो उभा केला आणि त्यानंतर ‘दान’ श्रेणी आल्या. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी पहिल्या दान श्रेणी १९२४ मध्ये दिल्या. पांढरा आणि काळा यांच्या मधले पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा हे रंग रुळले ते युरोपात, १९३० च्या दशकात; त्याचं श्रेय बहुतेक पॅरिसमध्ये जुदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांना दिलं जातं. हेतू चांगला होता. शिकणाऱ्याला दर काही महिन्यांनी आपण पुढे सरकलो असं दिसावं, म्हणजे तो टिकतो. त्याच रचनेत प्रत्येक रंग म्हणजे एक परीक्षा आणि प्रत्येक परीक्षा म्हणजे एक पावती, हेही आलं.

हिशेब कसा करायचा ते दाखवण्यापुरते काही आकडे घेऊ. आपापल्या क्लासचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा, मासिक फी ७०० रुपये आणि काळ्या पट्ट्यापर्यंत चार वर्षं. फीचे झाले ३३,६००. मधल्या नऊ परीक्षा प्रत्येकी १,२०० प्रमाणे १०,८००. संघटनेचं वार्षिक सदस्यत्व ५०० प्रमाणे चार वर्षांचे २,०००. काळ्या पट्ट्याची परीक्षा आणि नोंदणी १२,०००. वर्षाला दोन स्पर्धा, प्रवेश आणि प्रवास धरून प्रत्येकी १,५००, म्हणजे चार वर्षांचे १२,०००. वाढत्या अंगाच्या मुलाला दोन गणवेश, ३,०००. फी सोडून हे ३९,८०० झाले आणि एकूण ७३,४००. फोनवर सांगितलेले ‘महिन्याला सातशे’ हे खऱ्या खर्चाच्या निम्मेही नाहीत. शेजारच्या क्लासची फी १,१०० असेल आणि परीक्षा, पट्टा, प्रमाणपत्र सगळं त्यातच असेल, तर चार वर्षांची फी ५२,८०० होते. त्यात स्पर्धा आणि गणवेशाचे तेच १५,००० मिळवले तरी ६७,८०० होतात. फोनवर महाग वाटलेला क्लास पाच हजारांहून अधिक स्वस्त पडला.

परीक्षा शुल्क घेणं म्हणजे लूट, असं मी म्हणत नाही. बाहेरून परीक्षक बोलवावा लागतो, पट्टा आणि प्रमाणपत्राला खर्च येतो, वरच्या संघटनेला वाटा द्यावा लागतो. खटकतात त्या तीन गोष्टी. शुल्क आधी छापील सांगितलेलं नसणं. मुलाची तयारी नसताना ‘सगळी बॅच बसतेय’ म्हणून त्याला बसवणं. आणि आजवर एकही मूल नापास झालेलं नसणं. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही तिची फी ही मासिक फीचाच वाढीव हप्ता आहे. सरांना सरळ विचारावं : मागच्या परीक्षेत किती मुलांना पुन्हा बसायला सांगितलं? पुन्हा बसायचे पैसे पडतात का?

आता सोडण्याच्या किमतीकडे वळू. वर्षभराचं पॅकेज घेतलं तर स्वस्त, असं सांगितलं जातं. वरच्याच उदाहरणात सुट्या भावाने वर्षाचे ८,४०० होतात आणि पॅकेज ६,००० ला मिळतं. २,४०० वाचले असं वाटतं. पण ६,००० ला ७०० ने भागा : नववा महिना पुरा झाल्याशिवाय पॅकेज फायद्यात येत नाही. आता शाळेचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात आजोळी, दसरा-दिवाळीची सुट्टी, मध्ये एखादा तापाचा महिना. नऊ महिने नियमित जाणारं मूल असतं, पण आपलं मूल तसं आहे की नाही हे पहिल्या आठवड्यात कुणालाच ठाऊक नसतं.

माणसं याबाबतीत स्वतःबद्दल चुकीचा अंदाज करतात, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखवलं आहे. स्तेफानो देलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या जिमच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळा जिमला गेले. म्हणजे दर खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडले. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. इंग्लंडमध्ये २०११ साली उच्च न्यायालयाने ॲशबोर्न या कंपनीच्या जिम-करारांवर निकाल देताना हीच गोष्ट धरली. आपण किती दिवस जाऊ याचा साधा ग्राहक जास्तच अंदाज करतो, हे माहीत असून त्याला लांब मुदतीत अडकवणं अन्यायकारक आहे, असं म्हणत बारा महिन्यांपेक्षा जास्त बांधून ठेवणाऱ्या अटी न्यायालयाने रद्दबातल ठरवल्या.

पॅकेजवाल्यालाही न्याय हवा. वर्षाच्या भरवशावर सरांनी सवलत दिली आणि पालकाने चौथ्या महिन्यात सगळ्याच्या सगळ्या आठ महिन्यांचे पैसे सवलतीच्या भावाने परत मागितले, तर तेही बरोबर नाही. दोघांना पटेल असा हिशेब सोपा आहे. झालेले महिने सुट्या भावाने मोजायचे, उरलेली रक्कम परत करायची. चार महिन्यांचे २,८०० सरांचे, ३,२०० पालकाचे. हे एक वाक्य फॉर्मवर छापलेलं असेल, तर त्या क्लासबद्दल मला आणखी फारसं विचारावंसं वाटणार नाही.

कायदा काय म्हणतो? इथे एक मोठं भगदाड आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. पण ‘कोचिंग’च्या व्याख्येतूनच खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील गोष्टी वगळल्या आहेत. म्हणजे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गणित शिकणाऱ्या मुलासाठी एक नियम, आणि खालच्या हॉलमध्ये कराटे शिकणाऱ्या त्याच्या धाकट्या भावासाठी काहीच नाही. ही वगळणूक मला अनाकलनीय वाटते. गणिताच्या क्लासला एकरकमी पैसे घ्यायचा जेवढा मोह असतो, तेवढाच कराटेच्या क्लासलाही असतो.

तरी पालक निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि खासगी क्लास ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे. पावती न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. सेवेत खोट असताना ती बंद करून पैसे परत न करणं हीसुद्धा. त्याच कायद्यात ‘अन्यायकारक करारा’ची व्याख्या आली : अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने फार मोठा दंड, एकाच बाजूला वाटेल तेव्हा करार मोडण्याची मुभा, ग्राहकाला तोट्यात घालणारी अवाजवी अट. एक अडचण आहे. करारच अन्यायकारक ठरवून घ्यायचा तर जिल्हा आयोगाकडे जाता येत नाही, भोपाळच्या राज्य आयोगाकडे जावं लागतं. तीन-चार हजारांसाठी भोपाळची वारी कोण करणार? म्हणून धार-देवासच्या पालकाने तक्रार सेवेतल्या त्रुटीची आणि अनुचित प्रथेची म्हणून मांडावी. ती आपल्या जिल्ह्याच्या आयोगातच चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात.

‘फीस वापस नहीं होगी’ हे छापलं म्हणून प्रश्न संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी खटल्यात, शिक्षणसंस्थेने एका वेळी एका सत्राची किंवा वर्षाचीच फी घ्यावी, असं म्हटलं. पुढे न शिकवलेल्या काळाचे पैसे परत करायला ग्राहक आयोगांनी कोचिंग संस्थांना अनेकदा लावलं. मात्र क्लास शाळेच्याच वेळापत्रकात असेल आणि पैसे शाळेच्या बिलात येत असतील, तर चित्र बदलतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० च्या मनू सोळंकी प्रकरणात शाळा-कॉलेजं आणि त्यांचे पोहण्यासारखे जोड-उपक्रम ग्राहक कायद्याबाहेर ठेवले, खासगी कोचिंग मात्र आत ठेवलं. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. शाळेच्या बिलातल्या कराटेसाठी जवळची वाट म्हणजे मध्य प्रदेशचा खासगी शाळांच्या फीविषयीचा २०१७ चा कायदा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. ‘हे शुल्क सक्तीचं आहे का, आणि कशाच्या आधारावर?’ असं शाळेला लेखी विचारलं, तर बऱ्याचदा उत्तरातच सक्ती उरत नाही.

दुखापतीच्या वाक्याबद्दलही गैरसमज आहे. लाथा-बुक्क्यांच्या खेळात खरचटणं, मुरगळणं होणारच आणि त्यासाठी सरांना धारेवर धरू नये. पण मॅटच्या फटीत पाय अडकून हात मोडला, दहा वर्षांच्या मुलीला सोळा वर्षांच्या मुलासमोर उभं केलं, डोकं आपटल्यावरही सराव चालू ठेवला, तर तो निष्काळजीपणा झाला, आणि तो फॉर्मवरच्या सहीने माफ होत नाही. कायद्याच्या व्याख्येत निष्काळजीपणामुळे झालेली इजा ही सेवेतली त्रुटीच आहे. फीमध्ये अपघात विमा आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

अज्ञान मुलाच्या सहीला तर काहीच अर्थ नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी खटल्यात १९०३ साली ठरवलं आणि आजही तेच चालतं. ‘दुसरीकडे शिकणार नाही’ अशी बारा वर्षांच्या मुलाकडून लिहून घेतलेली शपथ म्हणजे नुसता धाक.

पैसे मोबाईलवरून आपोआप कापले जात असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि ती परवानगी ग्राहकाला केव्हाही रद्द करता येते. पण वर्षाची रक्कम एखाद्या वित्त कंपनीच्या हप्त्यांवर घेतली असेल, तर ते कर्ज आहे. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. मुलांच्या खेळासाठी असं कर्ज काढूच नये.

फलकावरच्या नावांकडेही नीट बघायला हवं, कारण त्यांच्याच जोरावर जास्त फी मागितली जाते. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की संस्था मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे. तशी गणेशोत्सव मंडळंही नोंदलेली असतात. त्यातून शिकवण्याच्या दर्जाला मान्यता मिळत नाही. राष्ट्रीय संघटनांचा इतिहास तर भांडणांचा आहे. कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता २०२० साली आधी भारतीय ऑलिंपिक संघटनेकडून आणि मग जागतिक महासंघाकडून गेली. पुढे जागतिक महासंघाने कराटे इंडिया ऑर्गनायझेशनला मान्यता दिली. तायक्वांदोतही दोन-दोन संघटनांनी वर्षानुवर्षं हक्क सांगितला. अशा गोंधळात कुठल्या प्रमाणपत्राला काय किंमत आहे, हे पालकाने तपासून घ्यायलाच हवं. तायक्वांदोच्या काळ्या पट्ट्याचं ठरलेलं प्रमाण म्हणजे सोलच्या कुक्कीवोनची नोंद, आणि ती क्रमांकावरून पडताळता येते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘दान’ऐवजी ‘पूम’ मिळतो. ‘कुक्कीवोनचे पैसे’ भरले असतील तर तो क्रमांक सरांकडून मागून घ्यावा.

पालकांचा सगळ्यांत जास्त पैसा आणि आशा वाया जाते ती ‘नॅशनल’ आणि ‘इंटरनॅशनल’ खुल्या स्पर्धांत. कुणीही हॉल घेऊन अशी स्पर्धा भरवू शकतो. प्रवेश शुल्क, प्रवास, राहणं, आणि जवळजवळ प्रत्येक मुलाच्या गळ्यात पदक. मुलाला आनंद होतो, त्याला मोल आहेच. पण ‘पुढे नोकरीत कामाला येईल’ हे सांगून पैसे घेतले असतील, तर ते खोटं आहे. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यात धरलं जातं ते मान्य खेळात राज्याचं किंवा देशाचं, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं, किंवा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्य शाळा संघाचं प्रतिनिधित्व. त्या वाटेची पहिली पायरी जिल्हा आणि विभागाची शालेय निवड, आणि तिथे जायला मोठं प्रवेश शुल्क लागत नाही.

सरांची बाजू मात्र सांगितली पाहिजे, नाही तर हा आढावा एकांगी होईल. हॉलचं भाडं बारा महिने द्यावं लागतं, मुलं आठ महिने येतात. मार्चमध्ये अर्धा वर्ग गायब होतो आणि एप्रिलमध्ये ‘आलोच नाही तर फी कशाची’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी एक महिन्याची आगाऊ सूचना मागणं, किंवा सुट्टीच्या महिन्यात जागा राखायची तर अर्धी फी घेणं, मला पूर्ण वाजवी वाटतं. शिवाय सर स्वतःच वरच्या संघटनेच्या कराराने जखडलेले असतात. शाखा शुल्क, दरवर्षीचं नूतनीकरण, ठराविक संख्येने परीक्षार्थी पाठवण्याचा दबाव, गणवेश मुख्यालयाकडूनच घेण्याची सक्ती. पालकाला अन्यायकारक वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा उगम इथे आहे. ‘संघटना सोडल्यावर पाच वर्षं या जिल्ह्यात शिकवणार नाही’ असं सरांकडून लिहून घेतलं असेल, तर त्यांनी घाबरू नये. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली नातं संपल्यानंतरची अशी रोजगारबंदी टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने क्रिशन मुरगई खटल्यात १९८० मध्ये अशी अट लागू करू दिली नाही.

करापुरतं एवढंच : सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. गावातल्या बहुतेक क्लासची उलाढाल तेवढी नसते. पावतीवर जीएसटी लावला असेल तर क्रमांकही तिथेच छापलेला हवा.

फी परवडतच नाही अशा घरांसाठी काही दारं उघडी आहेत. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, विनाशुल्क. आपल्या शाळेत ते यंदा झालं का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावं. धारमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे निवड झालेल्या मुलांचा खर्च सरकार उचलतं. राज्याची मार्शल आर्ट अकादमी भोपाळला आहे. आणि मल्लखांब विसरू नये. बाळंभट्टदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ज्याला नवं रूप दिलं तो हा खेळ २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे. उज्जैन तर आज त्याचं मोठं केंद्र आहे. देवासहून उज्जैन किती लांब? आत्मविश्वास, चपळाई, पडलं तर नीट पडण्याची कला, यांतलं बरंच काही त्या खांबावर मिळतं, आणि तिथे रंगीत पट्ट्यांची पावती नाही.

सोडण्याच्या किमतीवर मी एवढा भर दिला त्याचं कारण नुसते पैसे नाहीत. आत्मरक्षण शिकायला घातलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी एखाद्या संध्याकाळी म्हणते, मला उद्यापासून जायचं नाही. का, ते सांगत नाही. कंटाळा असेल, मैत्रिणीशी भांडण असेल, किंवा शिकवणाऱ्याचा स्पर्श नकोसा वाटला असेल. या खेळात शरीराला हात लावून शिकवावं लागतं आणि त्यामुळेच ही शक्यता बाजूला टाकता येत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ मध्ये विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरला आहे, आणि माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. पण कायदा लागू होण्याआधीची पायरी घरात असते. वर्षाचे सहा हजार भरलेले असतील तर आई-बाबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं : ‘पैसे भरलेत, एवढं वर्ष काढ.’ फी महिन्याची असेल आणि उरलेले पैसे परत मिळणार असतील, तर ते वाक्य निघत नाही. मुलगी त्या संध्याकाळी घरी थांबू शकते, आणि का थांबली हे सावकाश, तिच्या कलाने विचारता येतं.

तेव्हा सही करण्याआधी सरांना फॉर्मवर हाताने दोन ओळी लिहायला सांगाव्यात. ‘मुलाने कधीही सोडल्यास झालेले महिने सुट्या भावाने मोजून उरलेली रक्कम १५ दिवसांत परत. परीक्षा ऐच्छिक, शुल्क मागच्या पानावर.’ खाली सरांची सही आणि तारीख. आणि पालकाला, त्यातही आईला, वर्ग चालू असताना केव्हाही येऊन बसायची मोकळीक आहे ना, हे तिथेच, मुलीसमोर विचारून घ्यावं.